माझ्याच घरात मला मज्जाव!

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी दोन प्रकारची साफसफाई सुरू होते. आमच्या सौ. माळ्यावरचे डबे खाली काढतात आणि मी संगणकाची आवराआवर काढतो. माळ्यावरून निदान धूळ तरी पडते. संगणकातला पसारा दिसत नाही, एवढाच काय तो फरक. यंदा मात्र संगणकाने स्वतःच जागा संपत आल्याची दवंडी पिटली. शोध घेता असे आढळले की निम्म्याहून अधिक जागा सौ.च्या खात्याने अडवली आहे. घरच्या संगणकावर आम्हा दोघांची खाती वेगवेगळी आहेत आणि त्यांतले माझे खाते प्रशासकाचे, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचे! मोठ्या ऐटीत मी त्यांचे फोल्डर उघडायला गेलो, तो पडद्यावर पाटी झळकली: या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला सध्या परवानगी नाही.

वाचकहो, मला किती राग आला म्हणून सांगू! संगणक माझ्या पेन्शनीतून घेतलेला, पावती माझ्या नावावर, विजेचे बिल मी भरणार, आणि माझ्याच घरात मला मज्जाव! रात्री घरी यावे आणि आपल्याच इमारतीच्या पहारेकऱ्याने "कोण पाहिजे?" असे विचारावे, तशी माझी गत झाली. पाटीखाली आणखी एक ओळ होती. कायमची परवानगी मिळवायची असेल तर पुढे जा, असे ती सांगत होती. मी बोट उचलले, एवढ्यात मागून आवाज आला, "मामा, थांबा. दाबू नका ते."

ही आमची भाची. पुण्यात संगणकाच्या एका कंपनीत नोकरीला आहे. चार दिवसांची रजा काढून आली होती. हातातली चकली न टाकता ती म्हणाली, "'कायमची' हा शब्द वाचलात का? एकदा डोकावण्यासाठी तुम्ही कायमचा हक्क नोंदवून घेणार. आणि तुम्हाला अडवलं म्हणून रागावता कशाला? उभा जन्म बँकेत काढलात ना?"

तिच्या या शेवटच्या वाक्याने मी जो गप्प झालो, तो थेट तीस वर्षे मागे गेलो.

तिजोरीच्या दोन किल्ल्या

मी प्रथम शाखाधिकारी झालो तेव्हा मला वाटले होते की आता या शाखेचा राजा मीच. पहिल्याच सकाळी तो भ्रम उतरला. बँकेतली रोकड एका माणसाच्या ताब्यात कधीच नसते. ती दोघांच्या संयुक्त ताब्यात असते. तिजोरीला दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. दोन्ही लागल्याखेरीज दार उघडत नाही, मग तुम्ही शाखाधिकारी असा नाही तर आणखी कुणी.

एका जुलैत मुंबईत धो धो पाऊस कोसळला. गाड्या बंद, रोखपाल कुठेतरी मधल्या स्टेशनावर अडकलेले, आणि बाहेर पैसे काढायला आलेल्यांची ही रांग. एका गृहस्थांच्या मुलीचे लग्न दोन दिवसांवर आलेले. तिजोरी माझ्यासमोर, माझी किल्ली माझ्या खिशात, आणि मी हात चोळत बसलेला. रोखपाल दुपारी एक वाजता भिजून चिंब होऊन आले तेव्हा कुठे दार उघडले. त्या संध्याकाळी एका सहकाऱ्याने सुचवले, "साहेब, यापुढे पावसाळ्यात दोन्ही किल्ल्या तुमच्याकडेच ठेवत चला." मी त्याला असा काही फैलावर घेतला की बिचारा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मी चोर आहे म्हणून का दोन किल्ल्या होत्या? मुळीच नाही. पण उद्या कुणी माझ्या कपाळाला पिस्तूल लावले, कुणी माझी सही गिरवली, किंवा रात्री अकराला हिशेब मिटवताना मीच काही घोळ केला, तर? नियम माझ्यावरच्या अविश्वासातून आलेला नव्हता. माझ्या नावाने दुसरे कुणी काय करील, या भीतीतून आलेला होता.

"बरोबर!" भाची म्हणाली. "संगणकातही अगदी तेच. तुम्हाला वाटतं, संगणकावर तुम्ही काम करता. तुम्ही करत नाही. तुमच्या नावानं प्रोग्रॅम काम करतात. तुम्ही एखादा प्रोग्रॅम सुरू केलात की त्याच्या हाती तुमचं कुलमुखत्यारपत्र पडतं. तुम्हाला जे जे करण्याचा अधिकार, ते ते सगळं करण्याचा अधिकार त्याला. आता तुम्ही सर्वाधिकारी असाल तर तोही सर्वाधिकारी. मग तो पत्त्यांचा खेळ असो, नाही तर कुण्या भामट्यानं पाठवलेलं सोंग असो!"

हे मुखत्यारपत्राचे प्रकरण माझ्या डोक्यात पक्के बसले, आणि पुढचे चार दिवस फराळ बाजूला ठेवून मी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडले. त्यातून जे कळले ते आपणा सर्वांच्याच कामाचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रूट नावाचा सार्वभौम

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' नावाच्या व्यवस्थेचा पाया घातला. आजच्या ॲपलच्या संगणकांच्या, आणि लिनक्सच्या मार्गाने अँड्रॉइड फोनांच्याही वंशावळीत या युनिक्सचे नाव येते. एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करणार, म्हणून प्रत्येक फाइलीला मालक नेमलेला आणि वाचणे, लिहिणे, चालवणे यांचे हक्क ठरलेले. मात्र या सगळ्या नियमांच्या वर एक खाते होते. त्याचे नाव 'रूट', म्हणजे मूळ. त्याचा क्रमांक शून्य. शून्य क्रमांकाने हुकूम सोडला की यंत्राने "का?" म्हणून विचारायचे नाही. सगळ्या फाइली वाच म्हटले तर वाचायच्या, पूस म्हटले तर पुसायच्या.

मोजक्या जाणत्या लोकांच्या प्रयोगशाळेत हे चालून जात होते. पण धोका तेव्हाही ओळखला गेला होता. १९७५ साली जेरोम सॉल्त्झर आणि मायकेल श्रोडर या दोन संशोधकांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात आठ तत्त्वे मांडली. त्यांतली काही इतकी सोपी आहेत की आपल्या आजीलाही पटावीत. पहिले, कुणाला आत सोडायचे हे ठरवा. बाकी सर्वांना आपोआप दार बंद. म्हणजे बंद हा नियम, उघडे हा अपवाद. दुसरे, ज्याला जेवढे काम तेवढाच अधिकार; भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या हाती कपाटाच्या किल्ल्या द्यायचे कारण नाही. तिसरे, महत्त्वाच्या दाराला एकाऐवजी दोन किल्ल्या असाव्यात. आणि या तिसऱ्या तत्त्वासाठी त्यांनी दिलेला दाखला कशाचा, ठाऊक आहे? बँकेच्या लॉकरचा! भाचीने हे सांगितले तेव्हा माझी छाती, खोटे कशाला बोला, दोन इंच फुगली.

तत्त्वे १९७५ साली छापून झाली खरी, पण ती घराघरांत पोचायला पुढे तीस-चाळीस वर्षे लागली. मधल्या काळात काय काय झाले त्याचे दोन मासले देतो.

१९९८ साली पिक्सार या चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या मुलांच्या चित्रपटाचे काम चालू होते. माणसे, खेळणी, घरे, सारे काही संगणकाच्या फाइलींत साठवलेले. एके दिवशी तिथल्या एका तंत्रज्ञाच्या समोरच चित्रपटाचा नायक 'वुडी' याची टोपी नाहीशी झाली, मग बूट, मग खुद्द वुडी! कुणीतरी चुकून चित्रपटाच्या सर्वांत वरच्या फोल्डरावर 'पुसून टाक' हा हुकूम सोडला होता. यंत्राने ना विचारले, ना थांबले. वायर उपटून यंत्र बंद करीपर्यंत नव्वद टक्के चित्रपट गेलेला. रोजच्या रोज प्रत काढणारी यंत्रणाही नीट चालत नव्हती, हे तेव्हाच उघडकीला आले. सुदैवाने गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाई नुकत्याच बाळंत झालेल्या असल्याने घरून काम करीत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गोधडीत गुंडाळून तान्ह्या मुलासारखा मोटारीतून कचेरीत आणला, तेव्हा सर्वांच्या जिवात जीव आला. इथे कुणी चोर नव्हता. हुकूम सोडणारा घरचाच होता. हे ध्यानात ठेवा.

दुसरा मासला चोराचा. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून एक पत्र जगभर पसरू लागले. विषय होता, मी तुझ्यावर प्रेम करतो! सोबत प्रेमपत्र म्हणून एक जोडपत्र. ते उघडले की आत दडलेला प्रोग्रॅम त्या संगणकातली छायाचित्रे नासवून त्यांच्या जागी स्वतःच्या प्रती ठेवी आणि पत्त्यांच्या वहीतल्या सर्वांना तेच पत्र पाठवून देई. घराघरांत तेव्हा विंडोज ९५ आणि ९८ होते. त्यांत फाइलींना मालक नव्हता, हक्क नव्हते, काहीच नव्हते. जो आत आला तो मालक! पुढे २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत कुलपे होती, पण घरात नवे खाते उघडले की ते आपोआप सर्वाधिकाऱ्याचेच होई. उत्तम कुलूप बसवायचे आणि किल्ली दाराच्या खिळ्यालाच अडकवून ठेवायची, त्यातलाच प्रकार.

कटकटीची कहाणी

२००२ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या सर्व नोकरांना पत्र लिहून कळवले की यापुढे नव्या सोयींपेक्षा सुरक्षितता आधी. त्याचे एक फळ म्हणजे जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेली विंडोज व्हिस्टा. तिने एक मजेदार युक्ती केली. सर्वाधिकारी आत आला की त्याला दोन ओळखपत्रे द्यायची: एक साधे, एक सर्वाधिकाराचे. रोजची सारी कामे साध्या ओळखपत्रावर चालणार. एखाद्या प्रोग्रॅमला यंत्राच्या मुळाशी हात घालायचा असला की पडदा काळवंडणार आणि प्रश्न येणार, या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का? पडदा काळवंडतो तो नाटक म्हणून नव्हे. त्या क्षणापुरता तो प्रश्न वेगळ्या खोलीत नेलेला असतो, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला तुमच्या वतीने परस्पर 'हो' दाबता येत नाही.

शिवाय यंत्राच्या स्वतःच्या फाइलींची मालकी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' नावाच्या एका कारभाऱ्याकडे सोपवली. सर्वाधिकाऱ्यानेही त्या वाचाव्यात, पण बदलू वा पुसू नयेत.

युक्ती चांगली, पण लोक वैतागले. जरा कुठे काही करायला जावे की प्रश्न. त्या काळचे कितीतरी प्रोग्रॅम असे लिहिलेले की साध्या कामालाही सर्वाधिकार मागत. गंमत म्हणजे २००८ साली कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने जाहीर सभेत सांगून टाकले की हा त्रास मुद्दामच दिला होता! लोक कावले म्हणजे ते प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडे तक्रार करतील आणि ते सुधारतील, असा हिशेब. २००९ च्या विंडोज ७ मध्ये प्रश्नांची संख्या कमी करण्यात आली. पण मधल्या काळात असंख्य लोकांनी एक सोपा मार्ग शोधला होता. तो म्हणजे प्रश्न विचारणेच बंद करून टाकणे.

त्या असंख्य लोकांच्या मार्गावरचा एक पांथस्थ, मंडळी, मीही आहे.

माझा अपराध

निवृत्त झाल्यावर आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे खजिनदारपद माझ्या गळ्यात पडले. बँकेतला माणूस म्हणजे हिशेबाला पक्का, असा लोकांचा समज. सोसायटीच्या कचेरीत एक संगणक होता. देखभाल खर्चाच्या पावत्या, मोठ्या दुरुस्तीच्या निधीचा हिशेब, बारा वर्षांचा सारा दप्तरखाना त्यात. पावत्या छापण्याचा जो प्रोग्रॅम होता तो सुरू करताना दर वेळी पडदा काळवंडे आणि प्रश्न येई. महिनाभर मी 'हो' दाबले. मग एके दिवशी यंत्र दुरुस्त करायला आलेल्या पोराला म्हणालो, "ही कटकट बंद करता येईल का रे?" त्याने दोन मिनिटांत ती बंद केली. मी त्याला चहा पाजला.

बँकेत दोन्ही किल्ल्या एका खिशात ठेवायला सुचवणाऱ्यावर मी डाफरलो होतो. इथे मीच त्या एका खिशात घातल्या, आणि माझ्या ते लक्षातही आले नाही.

२०१८ सालच्या मार्चमध्ये, ऑडिट तोंडावर असताना, एका बिलाचे जोडपत्र आले. मी ते उघडले. आत काहीच नव्हते, म्हणून सोडून दिले. दुसऱ्या सकाळी प्रत्येक फाइलीच्या नावाला एक विचित्र शेपूट फुटलेले, एकही फाइल उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची मागणी! भाचीला फोन लावला. ती रात्रीच्या गाडीने आली. म्हणाली, "मामा, संगणक फाइलींच्या आधीच्या प्रती आतल्या आत राखून ठेवत असतो. त्या असत्या तर बरंचसं परत मिळालं असतं. पण या भामट्यानं आधी त्याच पुसल्यात. त्या पुसायला सर्वाधिकार लागतो. प्रश्न चालू असता तर तुमच्या फाइली गेल्याच असत्या, कारण त्या उघडण्याचा हक्क तुमचा होता; पण प्रती पुसताना बहुधा संगणकानं तुम्हाला विचारलं असतं." पेनड्राइव्हवर मी प्रत ठेवत असे; पण तो पेनड्राइव्ह कायमचा यंत्रालाच लावलेला, त्यामुळे तोही गेला.

खंडणी आम्ही दिली नाही. कागदी पावत्यांची स्थळप्रत, बँकेचे पासबुक आणि सभासदांच्या घरचे कागद जमवून मी, आमचे चिटणीस आणि दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, असे तिघे तीन महिने रोज संध्याकाळी खपत होतो. त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. तळमजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहतात. त्यांनी दुरुस्ती निधीचे पैसे रोख भरले होते, पण त्या महिन्याचे पावतीपुस्तक गहाळ होते. सभेत कुणीतरी म्हणाले, "भरले असतील तर पुरावा दाखवा." बाई काही न बोलता उठल्या, घरी गेल्या आणि देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीच्या तसबिरीमागून घडी घातलेली पावती घेऊन आल्या. पावतीवर सही माझी होती. उभ्या आयुष्यात कुणाचा पैसा न बुडवलेल्या बाईला चारचौघांत आपला खरेपणा सिद्ध करावा लागला, आणि तो कशामुळे? तर मला दिवसातून एकदा 'हो' दाबण्याचा कंटाळा आला म्हणून. त्याच सभेत मी उभा राहून झाल्या प्रकाराची जबाबदारी घेतली. पण ती पावती पुढे करणारा हात अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सर्वाधिकाऱ्यालाही न उघडणारे दार

'हो' दाबण्याचा कंटाळा हा माझ्या एकट्याचा रोग नाही. प्रश्न सारखे विचारले की माणूस न वाचता 'हो' म्हणतो. म्हणून पुढची पायरी अशी आली की काही गोष्टींबाबत विचारायचेच नाही, सरळ नाही म्हणायचे.

३० सप्टेंबर २०१५ रोजी ॲपलने मॅक संगणकांसाठी 'एल कॅपिटन' ही आवृत्ती आणली. तिच्यात यंत्राच्या गाभ्यातले फोल्डर असे बंदिस्त केले की शून्य क्रमांकाच्या रूटनेही हुकूम सोडला तरी उत्तर यावे, हे करता येणार नाही. राजालाच शिपायाने दारात अडवले, असे म्हणायला हरकत नाही! कारण साधे होते. घरच्या मॅकवर बहुधा एकच माणूस काम करतो आणि तोच सर्वाधिकारी असतो. म्हणजे भामटा आणि संपूर्ण यंत्र यांच्यामध्ये एका परवलीच्या शब्दाएवढीच भिंत. पुढे २०१८-१९ मध्ये हे संरक्षण माणसाच्या खासगी कागदांपर्यंत आले. टपाल वाचायचे, कागदपत्रांच्या फोल्डरात शिरायचे, तर प्रोग्रॅमने आधी मालकाची परवानगी घ्यायची. सर्वाधिकाराचा बिल्ला दाखवून भागणार नाही. २०२० पासून तर यंत्राच्या गाभ्याला मोहोरच लावलेली असते, आणि मोहोर मोडली तर यंत्राला ते ताबडतोब कळते.

या कुलपाचा उपयोग काय, याची परीक्षा २०१९ च्या सप्टेंबरात झाली. लॉस एंजलिसमध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणीचे संकलन करणाऱ्यांचे मॅक एकाएकी सुरू होईनासे झाले. आधी संशय गेला संकलनाच्या प्रोग्रॅमवर. शोधाअंती निघाले भलतेच. गूगलच्या क्रोम या ब्राउझरचे नवे रूप आपोआप बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती आणि तो यंत्राच्या गाभ्यातला एक महत्त्वाचा दुवाच काढून टाकत होता. गूगलने चूक मान्य केली. पण क्रोम तर जगभर होते. मग यंत्रे मोजकीच का बंद पडली? कारण ज्यांनी ते कुलूप स्वतःच्या हाताने काढून ठेवले होते, त्यांचीच बंद पडली! काही संकलकांनी बाहेरची चित्रपत्रे चालावीत म्हणून, एका कामासाठी, कुलूप काढले होते आणि परत लावलेच नव्हते. या खेपेला आत आलेला चोर नव्हता. नामांकित कंपनीचा, बोलावून घेतलेला कारागीर होता. त्याचा हातोडा चुकला, एवढेच.

किल्ली कुणाकडे?

इथवर ऐकून मी भाचीला एक शंका विचारली. बँकेत दोन्ही किल्ल्या शाखेतच असतात. इथे दुसरी किल्ली कंपनीकडे असेल तर मी मालक कसला? मी भाडेकरू झालो!

"शंका रास्त आहे," ती म्हणाली, "आणि यावर मोठमोठे तज्ज्ञ भांडताहेत." मॅकचे ते कुलूप मालकाला काढता येते, पण त्यासाठी यंत्र बंद करून, सुरू करताना विशिष्ट कळ दाबून, दुरुस्तीच्या वेगळ्या दारातून आत जावे लागते. हे मुद्दाम अवघड ठेवले आहे. दूरदेशी बसलेल्या भामट्याला तुमच्या टेबलावरची कळ दाबता येत नाही. ती तुमच्याच बोटाला दाबावी लागते. हा न्याय मला पटला. विंडोजमध्येही सर्वाधिकाऱ्याला दुसऱ्याच्या फाइलीची मालकी घेता येते. पण घेतली की तशी नोंद त्या फाइलीवर राहते. आमच्या बँकेतही लॉकर फोडायची वेळ आलीच तर साक्षीदार लागत आणि पंचनामा होई. दार उघडते, पण गुपचूप उघडत नाही.

खिशातल्या फोनचे मात्र तसे नाही. आयफोनमध्ये मालकाला सर्वाधिकारी होण्याची वाट कंपनीने ठेवलेलीच नाही. अँड्रॉइड फोनमध्ये काही खटपटी लोक ती काढतात, तर बँकांची कितीतरी ॲप अशा फोनवर चालायलाच नकार देतात. आणि कंपनीची कुलपेही काही देवाने घडवलेली नसतात. २०१७ च्या नोव्हेंबरात ॲपलच्याच एका आवृत्तीत असा दोष निघाला की 'रूट' हे नाव लिहून परवलीचा शब्द कोरा ठेवला तरी दार उघडे! दुसऱ्याच दिवशी तो दुरुस्त झाला, पण जगाला दिसायचे ते दिसले.

म्हणून माझे मत असे झाले आहे. कुलूप मुळातच लावलेले असावे. ते काढायला वेळ लागावा, विचार करावा लागावा, आणि काढल्याची खूण राहावी. पण ज्याच्या पैशाने यंत्र घरात आले त्याला ते काढताच येणार नाही, असे मात्र नसावे. पहिल्या गोष्टीशिवाय घर राहत नाही, आणि दुसरीशिवाय ते आपले राहत नाही.

सॉल्त्झर आणि श्रोडर यांच्या आठ तत्त्वांतले शेवटचे तत्त्व याच्याशी जुळते. संरक्षण असे सुटसुटीत असावे की माणसाने ते सवयीनेच पाळावे. ज्या कुलपाचा जाच होतो, ते माणूस काढून फेकतो. माझ्याइतका याचा साक्षीदार दुसरा कोण?

घरोघरी करण्याजोगे काही भाचीने सांगितले तेही देतो. रोजच्या कामाला साधे खाते वापरावे. सर्वाधिकाऱ्याचे खाते लग्नातल्या शालूसारखे कपाटात ठेवावे आणि प्रसंगी काढावे. पडद्यावर प्रश्न आला की स्वतःला एवढेच विचारावे, "आत्ता मी काही बसवायला किंवा बदलायला घेतलं होतं का?" घेतले नसेल तर 'नाही' म्हणावे, त्याने काही बिघडत नाही. एखाद्या कामासाठी कुलूप काढलेच, तर काम झाल्यावर त्याच बैठकीत परत लावावे. आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत अशी ठेवावी की जी यंत्राला सतत जोडलेली नाही. आता आमच्या सोसायटीची प्रत दर शनिवारी काढली जाते आणि त्या निवृत्त मुख्याध्यापिकांच्या घरी राहते. कुलूप त्यांचे, किल्लीही त्यांची. मला तिथे परवानगी नाही, आणि त्यात मला अपमान वाटत नाही.

राहता राहिले सौ.चे फोल्डर. मी ती 'पुढे जा'ची कळ दाबली नाही. स्वयंपाकघरात जाऊन म्हटले, "अगं, तुझ्या खात्यात जरा जागा करायची आहे. मला संगणक आत सोडत नाही."

"बरोबरच आहे त्याचं," बेसनाचा लाडू वळता वळता त्या म्हणाल्या. "मला विचारायचं होतंत!"

हात पुसून त्या आल्या, परवलीचा शब्द माझ्याकडे पाठ करून टाइप केला, आणि फोल्डर उघडले. आत काय? नातवाच्या पहिल्या पावलाचे एकाच कोनातून घेतलेले सतरा चलच्चित्रपट. "यांतले सोळा पुसूया," मी म्हणालो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि फोल्डर बंद केले.

दिवाळीच्या पाडव्याला मी नवी हार्ड डिस्क विकत आणली. परवानगी, अर्थातच, घेऊन.